वारस लिहिल्याशिवाय खातं उघडत नाही

माझा मेहुणा खुर्चीवर मांडी घालून बसायचा. चाकांची खुर्ची, तिच्यावर हा मांडी घालणार आणि कीबोर्ड मांडीवर घेणार. मी किती वेळा सांगितलं, अरे गिऱ्हाईक येतं, बरं दिसत नाही. तो म्हणायचा, "दाजी, गिऱ्हाइकाला मशीन चालू पायजे. माझी मांडी बघाय कोण येतंय?" आणि खरंच कुणी येत नव्हतं. शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. जिना इतका उभा की निम्मी गिऱ्हाइकं खालूनच हाक मारून काम सांगत.

तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लग्नात त्यानं माझा कान पिळला तेव्हा शाळेत होता, आणि पिळला तो असा की फोटोत माझं तोंड अजून वाकडं आहे. सासुरवाडी नेसरीजवळची. घरात आईला अव्वा म्हणतात, मोठ्या बहिणीला अक्का. त्याचं कॉलेज झालं आणि अव्वांनी त्याला आमच्याकडं कोल्हापूरला पाठवलं. "तुमच्या हाताखाली घ्या," एवढंच म्हणाल्या. मी घेतला. राहायला आमच्याच घरी. आम्हाला मूल नाही. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला अंदाज करत बसायला नको.

आमचा धंदा काय, हे सांगायला अवघड. एखाद्या पतसंस्थेत खंडीभर कॉम्प्युटर असतात, दवाखान्यात असतात, शाळेत असतात. प्रत्येकावर कुठला प्रोग्रॅम हवा, कुठली फाईल कुठं हवी, ती कुणाच्या मालकीची, ती कोण वाचणार, कोण बदलणार, हे सगळं कुणीतरी एकदा हातानं नीट लावतं आणि मग महिनाभरात दहा जण त्यात दहा प्रकारे हात घालतात. आम्ही एक प्रोग्रॅम लिहिला. मशीन कसं असावं ते एकदा लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम रोज सकाळी प्रत्येक मशीन तपासतो आणि जे हललं असेल ते जागेवर आणतो. आता असे प्रोग्रॅम जगात पुष्कळ आहेत. आमच्याचं वैशिष्ट्य एवढंच की तो मराठीत बोलायचा. काही चुकलं तर मराठीत सांगायचा, आणि पतसंस्थेतल्या क्लार्कना त्याचं फार कौतुक.

त्यात सगळ्यात जास्त डोकं गेलं ते परवानग्यांमध्ये. फाईल ठेवणं सोपं असतं. ती कुणाची आणि तिला हात कोण लावणार, हे ठरवताना घाम निघतो. त्यातून आमच्या भागात परवानगी ही कल्पनाच लोकांना अपमानाची वाटते. पहिल्याच पतसंस्थेत सगळ्या फायली सगळ्यांना उघड्या होत्या आणि पासवर्ड सगळ्यांचा एकच, ग्रामदेवतेच्या नावाचा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार. मी मॅनेजरना म्हटलं, हे बंद करावं लागेल. ते म्हणाले, "कुणापासनं बंद करताय पावणं? आमच्यात सगळी घरचीच हाईत की."

मेहुण्याला हे बंद करणं मनापासून पटलं नाही, पण समजलं मनापासून. तो गावातून आला होता. घरचीच माणसं काय करू शकतात हे त्याला सातबाऱ्यावरून माहीत होतं. तरी त्याचं म्हणणं असायचं, ज्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही त्याला आपण हात लावायचा नाही. माझं उलट. ज्याबद्दल काही सांगितलेलं नाही ते बंद करायचं, ज्याला उघडून हवं तो येईल बोंबलत. यावर आमची जी भांडणं झाली ती जेवणाच्या ताटापर्यंत यायची. बायको भाकरी वाढता वाढता म्हणायची, "फायली भाईर ठेवून जेवाय बसा." शेवटी तोडगा निघाला. आधीपासून असलेल्या फाईलला हात लावायचा नाही आणि नवीन फाईल मालकाशिवाय सगळ्यांना बंद. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं, म्हणजे तोडगा बरा होता.

मग एका दवाखान्यात तो प्रकार झाला. तिथला लॅबमधला माणूस नोकरी सोडून गेला. त्याचं खातं काढून टाकलं. आता मशीन आतल्या आत नाव ओळखत नाही, नंबर ओळखतं. नाव काढलं तरी त्या माणसाच्या फायली तिथंच राहतात, फक्त मालकाच्या जागी नावाऐवजी उघडाबोडका नंबर दिसतो. पुढं एक नवीन मुलगी कामाला लागली. मशीननं तोच रिकामा नंबर तिला देऊन टाकला, आणि त्या गेलेल्या माणसाचं सगळं रातोरात तिच्या मालकीचं झालं. त्यात त्याच्या घरचे फोटो, बायकोच्या आजारपणाची कागदं, सगळं. तिनं एक दिवस सहज उघडलं आणि घाबरून दवाखान्याच्या मालकाला सांगितलं.

मेहुणा तिथून परत आला तो जिन्यातच बोलायला लागला. "दाजी, माणूस गेला आन त्याचं सगळं परक्या पोरीच्या नावावर. तिला ठावं न्हाय, त्याला ठावं न्हाय. आसं कुठं आसतंय?" मी म्हटलं, सगळ्या जगात असंच असतं, यंत्रणाच तशी आहे. तो म्हणाला, "जमिनीला वारस लागतोय. ह्याला का न्हाय?"

आणि त्यानं वारसाची रीत घातली. आमच्या प्रोग्रॅममध्ये कुणाचंही खातं उघडायचं असेल तर त्याच्यापुढं वारस लिहावाच लागतो. हा माणूस गेला तर ह्याच्या फायली कुणाच्या, हे आधी सांगायचं. वारसाचं स्वतःचं खातं त्या मशीनवर असलं पाहिजे. वारस नाही तर खातं नाही. गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा आम्हाला वेड्यात काढलं. तेच पतसंस्थेचे मॅनेजर फोनवर म्हणाले, "मी काय मरायला लागलोय व्हय?" मेहुणा म्हणाला, "साहेब, बदली झाली तरी तेच की." पण बदली हा शब्द तो गिऱ्हाइकापुरता वापरायचा. आपापसात आम्ही 'गेला' असंच म्हणायचो.

दुसरा नियम त्याहून कडक. जो दुसऱ्या कुणाचा वारस म्हणून लिहिलेला आहे, त्याचं खातं काढता येणार नाही. आधी त्या दुसऱ्यानं नवीन वारस सांगायचा, मग याला काढायचं. मी म्हटलं, नुसता इशारा दिला तरी पुरे. "इशारा कोण वाचतंय दाजी? मशीननं थांबायचं." मी म्हटलं, मग निदान जबरदस्तीनं काढायची एखादी सोय ठेव, अडीअडचणीला. तेही त्यानं मानलं नाही. एकदा चोरदरवाजा ठेवला की सगळे त्यानंच ये-जा करतात, असं त्याचं मत, आणि अनुभवही. थांबण्याचा संदेश त्यानं आधी लिहिला होता, "थांबा पावणं. ह्यो कुणाचा तरी वारस हाय." मी तो हट्टानं प्रमाण मराठीत करून घेतला. गिऱ्हाइकापुढं हाय-न्हाय बरं दिसत नाही म्हणून.

आमच्या स्वतःच्या मशीनवर आमची दोघांचीच खाती. त्यानं वारस म्हणून मला लिहिलं, मी त्याला. दुसरं कोण होतं? मी त्याच्याहून बराच मोठा, त्यामुळं माझं त्याच्याकडं जाणार हे ठरलेलंच होतं आणि त्याच्यापुढं माझं नाव हा नुसता उपचार होता. त्यानं ते टाइप करताना माझी चेष्टाही केली. "तुमास्नी काय मिळणार न्हाय ह्यातनं," म्हणाला.

गेल्या पावसाळ्यात त्याला ताप आला. गावभर डेंग्यू होता, आम्ही फार मनावर घेतलं नाही. मग घेतलं. मग प्लेटलेट्ससाठी धावाधाव, ओळखीपाळखीची पोरं रक्तपेढीत रांगेला उभी, आणि अव्वा दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर बसलेल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. तो गेला तेव्हा माझी बायको त्याच्या पायाशी होती आणि मी खाली औषधाच्या दुकानात. निरोप आला तेव्हा माझ्या हातात औषध होतं. ते परत घेत नाहीत असं दुकानदार म्हणाला, आणि मी त्याच्याशी भांडलो. कशाला भांडलो ते मला आजही सांगता येणार नाही. भांडण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

त्याला गावी नेलं. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. शेताच्या कडेला, वडिलांच्या शेजारी त्याला मांडी घालून बसवलं. मी बघत होतो आणि डोक्यात एकच येत होतं, या मांडीवरून मी याला किती बोललो.

बायकोचे पुढचे महिने गेले ते त्याचं नाव कमी करण्यात. आपल्याकडं याला नाव कमी करणंच म्हणतात. अव्वांना वाचता येतं, पण ऑफिसात गेल्या की त्यांचा आवाज निघत नाही, म्हणून गडहिंग्लजला प्रत्येक वेळी बायकोच जायची. रेशनकार्डातनं नाव कमी, मतदारयादीतनं कमी, बँकेतनं कमी. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, शेत अव्वांच्या नावावर झालं. संध्याकाळच्या एसटीनं ती परत यायची आणि चप्पल काढता काढता सांगायची, "आज तितलं कमी झालं." एवढंच. ती रडत नव्हती. मला तिची भीती वाटायला लागली होती.

मी मात्र आमच्या कामातलं काहीच कमी केलं नव्हतं. पतसंस्थेकडून विचारणा आली. बरोबरच होती. मयत माणसाच्या नावानं अजून त्यांच्या मशीनमध्ये जाता येतं का, असं त्यांनी विचारलं होतं. जाता येत होतं. मी एकेका गिऱ्हाइकाच्या मशीनवरून त्याचं खातं काढायला लागलो. प्रत्येक ठिकाणी त्यानं वारस म्हणून मलाच लिहून ठेवलं होतं; माझ्यापुढं तिथं गिऱ्हाइकाच्याच माणसाचं नाव होतं, म्हणून काही अडलं नाही. आज्ञा दिली की त्याच्या फायलींची यादी पडद्यावरून सरकायची आणि ओळीओळीला त्याचं नाव जाऊन तिथं माझं यायचं. त्यानं लिहिलेलं, त्यानं रचलेलं, त्याच्या चुका, त्यानं सुधारलेल्या माझ्या चुका. सगळ्याचा मालक मी. दिवसाढवळ्या चोरी करत असल्यासारखं वाटलं.

शेवटी राहिलं आमच्याच ऑफिसातलं मशीन. तिथून सगळीकडं जाता येत होतं, त्यामुळं ते सोडून चालणार नव्हतं. मी घरी बायकोला सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तिच्या पाठीमागं करवेना.

ती म्हणाली, "येवढ्या एका ठिकाणी तरी ऱ्हाऊ द्या."

मी तिला समजावलं. मेलेल्या माणसाचं उघडं खातं म्हणजे रिकाम्या घराचं उघडं दार, कुणीही शिरेल. तिनं विचारलं, त्याच्या फायलींचं काय होतं. मी लॅपटॉपवर पतसंस्थेची यादी दाखवली. दाखवायला नको होती. तिनं बोट ठेवून वाचलं. प्रत्येक ओळीत माझं नाव.

"शेतातला माझा हिस्सा मी त्याला सोडला," ती म्हणाली. "गडहिंग्लजला जाऊन सही करून आलो. तवा त्यानं मला साडी आणलती. आन त्याचं हे सगळं आता तुमच्या नावावर. मी मधी कुटंच न्हाय."

मी म्हटलं, अगं हे जमिनीसारखं नाही, यात मालकी म्हणजे नुसती वाचायची-लिहायची परवानगी. तिनं लॅपटॉप मिटला आणि भाकऱ्या थापायला उठली. इतकी वर्षं परवानग्यांचं काम करणारा माणूस नुसती परवानगी म्हणतो, हे मलाच ऐकायला कसंतरी वाटलं. सकाळी मी निघालो तेव्हा ती साडी बदलून दारात उभी होती. "मी बी येतो," म्हणाली.

रविवार होता, खालचं दुकान बंद. तो गेल्यापासून ती त्या खोल्यांत आली नव्हती. त्याच्या खुर्चीवर बसली नाही, माझ्यामागं उभी राहिली. मी आधी त्याच्या खात्याला कुलूप घातलं. पासवर्ड बंद, बाहेरून यायच्या चाव्या काढून टाकल्या. आता त्या नावानं कुणालाच आत येता येणार नव्हतं. तिनं विचारलं काय केलं, मी तसंच सांगितलं.

"म्हंजे नाव हाय, पर त्याला येता येत न्हाय."

"हो."

मग मी खातं काढायची आज्ञा दिली, आणि मशीन थांबलं. "थांबा. ही व्यक्ती अन्य व्यक्तीची वारस म्हणून नोंदलेली आहे. प्रथम त्या व्यक्तीचा नवीन वारस नोंदवा." ती अन्य व्यक्ती म्हणजे मी. मला हे आठवायला हवं होतं, नियम करताना मी शेजारी बसलो होतो. पण माणूस आपला वारस रोज आठवत नाही. मी ते वाक्य वाचत बसलो. मीच शुद्ध करून घेतलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मला शुद्ध मराठीचा राग आला.

बायकोला सगळं समजावून सांगितलं. तो माझा वारस आहे. दुसरा कुणी लिहिल्याशिवाय मशीन त्याला सोडत नाही.

"मग लिवा की."

"कुणाचं लिहू?"

आमच्या लग्नात या प्रश्नाच्या जवळपास आम्ही पूर्वी पुष्कळ वेळा आलो होतो, डॉक्टरांकडं, देवस्थानांत, नातेवाइकांच्या बारशात, आणि प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं बोलून बाहेर पडलो होतो. तो आमच्याकडं राहायला आल्यावर प्रश्नच मिटला होता. तो होता. आमच्या मागं सगळं तोच बघणार होता, फायलीही आणि आम्हालाही. तोंडानं कधी म्हटलं नाही, पण दोघांनीही तेच धरलं होतं.

"माझं लिवा," ती म्हणाली.

तिचं त्या मशीनवर खातं नव्हतं, म्हणून ते आधी उघडायला घेतलं. नाव टाकलं. पुढं मशीननं तिचा वारस विचारला.

"माझ्यामागं कोण ते पण लिवाय लागतंय?"

"लागतं. तुझ्या भावाचाच नियम आहे. माझं लिहितो."

"तुमच्यामागं म्हणून तर माझं लिवलं. मग माझ्यामागं परत तुमी कसं?"

बरोबर होतं तिचं. आम्ही दोघा पुरुषांनी एकमेकांची नावं घातली तेव्हा हे आम्हाला सुचलं नव्हतं. मी म्हटलं, कुणीच नसेल तर रूट लिहिता येतं. प्रत्येक मशीनवर ते असतंच, सगळ्याचा मालक.

"रूट म्हंजे कोण?"

"कुणी नाही. मशीनच."

"मशीन नको." ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. "त्याचं लिवा."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हटलं, अगं तो नाही आता. गेलेल्या माणसाला वारस लावून काय उपयोग?

"मला म्हाईत हाय तो न्हाय," ती म्हणाली. "मशीन घेतंय का बघा."

मी त्याचं नाव टाइप केलं. मशीन फक्त एवढंच बघतं, त्या नावाचं खातं इथं आहे का. होतं, अजून काढलेलं नव्हतं. तिचं खातं उघडलं. मग माझ्यापुढं वारस म्हणून त्याच्याऐवजी तिचं नाव लावलं. कामाच्या दृष्टीनं हे साफ चूक होतं. दुसऱ्या कुणी असं केलेलं मी पाहिलं असतं तर त्याची खरडपट्टी काढली असती.

"आता कमी करून बघा त्याला," ती म्हणाली.

मी परत तीच आज्ञा दिली. मशीन परत थांबलं. तिनं पुढं वाकून ते वाक्य एकेक शब्द करत वाचलं, ही व्यक्ती अन्य व्यक्तीची वारस म्हणून नोंदलेली आहे, आणि ती अन्य व्यक्ती कोण म्हणून मला विचारलं.

"तू," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग पदरानं डोळे पुसले, पण ते थांबेनात, तेव्हा पुसायचं सोडून दिलं.

"आता ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली.